वीस मिनिटे

"बेचाळीस अंशांवरून एकशे दहा," माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कोनमापक बाजूला ठेवत मी म्हणाले. "आबा, गुडघा छान वाकतो आता. तेही गोळीविना."

"सूनबाई दोन्ही वेळा व्यायाम करून घेते ना," आबा समाधानाने म्हणाले.

त्या सूनबाईची, शैलाची, पाठ तीन वर्षे दुखत होती. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी तिची मूत्रपिंडे बिघडू लागली होती. तरीही मी नेमून दिलेला एकही व्यायाम तिने केला नव्हता. पाठीचे स्नायू पहिल्या दिवसाइतकेच दुबळे होते. आबांसोबत आलेल्या शैलाला मी चिडून कारण विचारले.

"जमिनीवर पडून करायचे ते. घरात खोली एकच, मॅडम. आबांसमोर आडवं कसं व्हायचं?"

"भरदिवसा सून लोळलेली शोभते का?" आबा हसले. "तिला आपली गोळीच लिहून द्या."

लोळणे आणि उपचार यांतला फरक मी समजावणार, तोच शैला पदर खोचून त्यांच्यासमोरच फरशीवर आडवी झाली.

"उठा आबा," ती म्हणाली. "तुम्हाला मीच चालतं केलंय ना? मग बाहेर जाऊन बसा. घरीसुद्धा रोज वीस मिनिटं बाहेरच बसायचं."