प्रतापसिंहाचं कडं

पिंजऱ्याला गराडा पडला होता आणि कुणी मागे सरकायला तयार नव्हतं. आत मगर डोळे मिटून पडली होती. वनखात्याची दोन माणसं फोनवर कुमक मागवत होती आणि मृदुला पिंजऱ्याच्या दाराला पाठ लावून उभी होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं आणि एरवी वस्तीत शिरलेल्या मगरी धरून पाण्यात सोडायच्या, हा तिचा शिरस्ता. शहरात, सुभानपुऱ्यातले लोक तिच्याबरोबर हौसेने फोटो काढून घेत. इथे, बडोद्याबाहेर विश्वामित्रीच्या काठी, लोकांच्या हातात कुऱ्हाडी होत्या.

लोकांचंही काही चुकत नव्हतं. या उन्हाळ्यात नदीने गोविंदभाईच्या शेळ्या गिळल्या, कुणाचं रेडकू गिळलं. आणि आता म्हशी धुवायला गेलेला प्रतापसिंह परतलाच नाही. काठावर त्याच्या चपला आणि रक्ताने भरलेला सदरा तेवढा सापडला.

“बेन, तमे खसो, बाजूला व्हा,” गोविंदभाई म्हणाला. “ढोरं खाल्ली, सोसलं. आता माणूस खाल्लं. हिला फाडू, आत कडं सापडेल. घरच्यांच्या हातात काहीतरी पडायला नको?”

त्या कड्याची गोष्ट गावाला पाठ होती. पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते, त्यांचं ते चांदीचं, सूर्य कोरलेलं कडं. घरातल्या थोरल्या मुलाने घालायचं. तो गेला की तेराव्याला, पगडी बांधताना, ते पुढच्याच्या मनगटात जायचं. कड्याला करवत लावायची नाही, ही घराण्याची आण. प्रतापसिंहाने ते निपुत्रिक थोरल्या काकांच्या तेराव्याला, मिसरूड फुटायच्या आधी घातलं. पुढे मनगट असं भरलं की साबण लावूनही निघेना. हात तोडल्याशिवाय हे निघायचं नाही, असं म्हणत तो प्यायला की ज्याला त्याला ते दाखवत फिरायचा.

मृदुलाने सांगून पाहिलं, की नदीत पुष्कळ मगरी आहेत, हीच ती कशावरून. तिचं तिलाच ते बोलणं पोकळ वाटलं. कुऱ्हाडी आणखी जवळ आल्या. ही मगर आता मरणार, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात प्रतापसिंहाचे वडील, जयवंतराव, आले. मागे धाकटा मुलगा विक्रमसिंह आणि पदर पुढे ओढलेली प्रतापसिंहाची बायको, कौशल्या. पदराआडून तिच्या गालावरचा काळानिळा वळ दिसत होता. मृदुलाने हळूच विचारलं, तर म्हैस उसळली म्हणाली.

लोकांनी वाट करून दिली.

“पोरगा माझा गेला,” म्हातारा म्हणाला. “जनावराने पोट भरलं. त्याला फाडून प्रताप परत येणार आहे का?”

“पण काका, कडं?” गोविंदभाईने विचारलं.

“कड्यासाठी जीव घ्यायचा? सोडा तिला. माझ्या दारी आणखी एक हत्या नको.”

गोविंदभाईने कुऱ्हाड खाली टाकली. मृदुलाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती घसा कोरडा करून हेच सांगत होती, आणि ते कळलं होतं एका मुलगा गमावलेल्या बापाला. भर गर्दीत ती त्याच्या पायांशी वाकली. जयवंतरावांनी पाय चटकन मागे घेतले. “नको बेन,” एवढंच म्हणाले.

मगर लांबच्या तलावात सोडली गेली. मृदुलाने वर्गात त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकांवरची पोरंही पुढे सरकून ऐकू लागली.

घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. तेराव्याचं बोलावणं मृदुलालाही आलं. खंडेराव मार्केटमधून फळांची करंडी घेऊन ती पोचली, तोवर देवघरात दार लोटून पगडी बांधून झाली होती. कौशल्या पंगतीत वाढत होती. तिच्या गालावरचा वळ निवळला होता. विक्रमसिंह पगडी घालून बापाशेजारी बसला होता, आणि अंगाची लाही होत असताना त्याच्या लांब बाह्यांची बटणं लावलेली होती.

“कडं मात्र मगरीबरोबर गेलं,” गोविंदभाई हळहळला. जयवंतराव पानातला घास कालवत राहिले.

मृदुलाने करंडी पुढे केली. विक्रमसिंहाने उठून दोन्ही हात लांब केले. करंडी जड होती. तिच्या काठात अडकून उजव्या बाहीचं बटण तुटलं आणि बाही मागे सरकली.

सूर्य कोरलेलं चांदीचं कडं त्याच्या मनगटात होतं, अखंड, कुठेही न कापलेलं.