मरणाचा ढोल

आमच्या गावात मरणाचा ढोल एकच होता. तो वाजला की हातातलं काम टाकून प्रत्येक घरातून एक माणूस लाकूड घेऊन निघायचा. निरोप द्यायला कोणी दारोदार फिरत नसे. "इथं वाळवी खाईल," असं सांगून संग्रहालयाच्या लोकांनी तो शहरात नेला. नेण्याआधी गावाचा ढोलवाला झिंगूमामा, त्याच्याकडून एकदा वाजवून घेतला आणि रेकॉर्ड केला.

यंदा संग्रहालयानं तो आवाज इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. पोरांनी एटापल्लीच्या बाजारात जाऊन डाउनलोड केला आणि बघता बघता गावातल्या प्रत्येक मोबाइलची तीच रिंगटोन झाली. झिंगूमामाचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "दिनेश, आपला ढोल वापस आला रे."

परवा सकाळी झिंगूमामाच गेला. मामी म्हणाली, "साऱ्या गावासाठी यानंच वाजवला. आता याच्यासाठी कोन वाजवन?"

मी अंगणात मोबाइलला स्पीकर जोडला आणि मामाचाच ताल लावला. ढोल घुमत राहिला. मी आणि मामी वाटेकडे बघत बसलो. कोणी आलं नाही. समोरच्या अंगणात रुखमाबाई मोहफुलं वाळत घालत होती, तिनंही मान वर केली नाही. ताल संपला, मी पुन्हा लावला. मग पुन्हा.

शेवटी रुखमाबाई वैतागून ओरडली,


"दिनेश, कवाचा फोन वाजून राह्यला, उचल ना रे!"