अठ्ठेचाळीस मिनिटं

आतल्या खोलीची कडी खट्कन लागली. सासूबाई सामायिकाला, जैनांच्या रोजच्या ध्यानाला बसल्या. आता अठ्ठेचाळीस मिनिटं त्या उठणार नाहीत, बोलणार नाहीत. हर्षानं माइक नेहमीसारखा बंद ठेवला आणि टीव्हीवर खेळायला घेतलेली मोटारशर्यतीची व्हिडिओ गेम लॅपटॉपवरून लाइव्ह सोडली. टीव्हीवर गाडी सुसाट, लॅपटॉपवर मात्र आचके देत होती. बघणाऱ्यांपैकी अवसरीच्या सुदर्शननं लगेच चॅटमध्ये लिहिलं, "भाऊ, यापरीस आमचा बैलगाडा जोरात पळतो राव!"

तिनं चित्राचा दर्जा उतरवला, वायर बदलली. आचके तसेच. पंधरा प्रेक्षकांचे नऊ झाले. हेही गेले तर उद्या कोण येणार? मग तिला दिसलं, गेमचं चित्र लॅपटॉपवर आणणाऱ्या कॅप्चर कार्डची वायर माऊस अन् चार्जरच्या गर्दीत, यूएसबी हबमध्ये खुपसलेली होती. तिनं ती काढून थेट लॅपटॉपच्या निळ्या, वेगवान पोर्टात लावली आणि आचके थांबले. शर्यत ती पहिल्या नंबरानं जिंकली.

"लई भारी भाऊ!" "भाऊ, एकदा आवाज तरी ऐकव की!"

नुकतीच वाचायला शिकलेली तिची लेक विधी मांडीवर बसून चॅटमधलं एकेक अक्षर लावत होती.

"मम्मी, जिंकलीस तर तू. मग हे भाऊ कोणाला म्हणतात?"