सैल पट्टा

"बसणार नाही मी. काय दाखवायचंय ते दाखवा," मंदाकिनीबाई दारातूनच म्हणाल्या.

शेवड्यांच्या मिरजेच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वतःचा ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून जुने इलेक्ट्रिक ऑर्गन जमवायचे आणि नव्यासारखे करायचे, हाच त्यांचा नाद होता. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या ऑर्केस्ट्रात मंदाकिनीबाई ऑर्गन वाजवायच्या. एका कार्यक्रमात सूर डळमळले आणि शेवड्यांनी त्यांना हाकललं. पुढे त्यांना कुणीच वाजवायला बोलावलं नाही.

शेवड्यांनी तेव्हाच्याच ऑर्गनला जोडलेल्या, मोटरवर फिरणाऱ्या स्पीकरचं लाकडी खोकं उघडलं. "नवी मोटर बसवताना कळलं. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. स्पीकर अडखळत फिरायचा, म्हणून सूर हलायचे. तुमची चूक नव्हती."

"खोकं उघडून बघा, असं मी तेव्हाच सांगत होते. चारच तर स्क्रू होते."

"माझं चुकलं, बाई. आता आवाज सुरेख झालाय. वाजवून तरी बघा."

मंदाकिनीबाईंनी आत येऊन उभ्यानेच एक स्वर दाबला. तो स्वच्छ घुमला, जराही हलला नाही. त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला.

"हाकललंत तेव्हा तुमच्या हातात माइक होता आणि समोर हजार माणसं. माफी मात्र घरात, चार भिंतींआड मागताय. त्यातली हयात असतील त्यांना बोलवा, त्यांच्यासमोर सांगा. मग वाजवीन."

"आता कोण येणार हे ऐकायला?"

"मग मीही येणार नाही," म्हणत त्यांनी ऑर्गन बंद केला आणि त्या जिना उतरू लागल्या.