हललेला फोटो

जामखेडच्या स्टुडिओत जया तीन वर्षं लग्नाचे फोटो काढत होती. सवड मिळाली की ती कॅमेरा मुद्दाम हलवून उसाच्या पेटत्या पाचटाचे फोटो घेई. त्यात नुसते रंगच उरत. "हात थरथरतोय का गं तुझा? असलं कोन बघतंय?" मालक भागवत हसायचा. तेच फोटो त्याने नगरच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने लावले. जया भांडली नाही. उद्घाटनाला गेली आणि भरल्या दालनात तिने त्याच्या हाती कॅमेरा दिला. "सर, असाच एक काढून दाखवा की." भागवतने कॅमेरा हलवला. स्क्रीनवर नुसता उजेड आला. लोक कुजबुजू लागले. जयाने कॅमेरा घेतला, त्याच्यावर रोखला आणि मनगटाला झटका दिला. स्क्रीनवर भागवतच्या चेहऱ्याचा लांब तपकिरी ओघळ झाला होता. तिने तो सगळ्यांना दाखवला. "हा खरा तुमचा. ह्याच्याखाली लावा नाव."