बिनआवाजी गिअर

“गिअर टाकला की खाडकन आवाज! अ‍ॅव्हरेज तर पार गाळात गेलंय. झोपा काढता का रे इथं?” मोटरसायकल त्यानं जवळजवळ मेकॅनिकच्या अंगावरच घातली.

“क्लच गेलाय, साहेब. लाथ मारल्यासारखा गिअर टाकला की जाणारच.”

“शहाणपणा नको. आवाज बंद कर.”

मेकॅनिकनं क्लचप्लेटा बदलल्या, ऑइल बदललं. संध्याकाळी गाडी लोण्यासारखी पळाली. गिअर पडलेला पायाला कळायचा, कानाला नाही. तो खुशीत दारापाशी आला, तर आत हसण्याखिदळण्याचा नुसता गदारोळ. घर चुकलं की काय, असंच त्याला वाटलं. धाकटी लेक कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून गरजत होती, “माझ्या गाडीला हात कुणी लावला?” आणि थोरली नि बायको पोट धरून हसत होत्या.

तो दिसला मात्र, धाकटी थोरलीच्या मागे लपली. थोरलीनं पुस्तक उघडलं, तेही उलटं. बायको दोघींच्या पुढे येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

“अहो, असं गुपचूप येतात का कुणी घरी?”