पाण्यातलं देऊळ

सासऱ्यांच्या जुन्या सागरी नकाशाचा फोटो काढून कुंदानं फुकटच्या सॉफ्टवेअरवर त्याचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, बदललं आणि तो नवऱ्याच्या मोबाईलवर चढवला. त्याच भरवशावर तो पहाटे होडी घेऊन गेला होता.

चहा पिता पिता तिनं सहज तोच नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला. किनाऱ्यावरचं देऊळ चक्क समुद्रात उभं होतं! प्रक्षेपणच चुकीचं निवडलं होतं.

तिनं नकाशा सरकवून देऊळ जागेवर आणलं. त्याबरोबर नकाशातला पाण्याखालचा खडकही सरकला आणि नेमका होड्यांच्या वाटेत येऊन बसला.

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. ती बोलायच्या आत तोच म्हणाला, "आलोच. धुक्यात काही म्हणजे काही दिसत नाही. पण घाबरू नको गो, नकाशा घरचा आहे."